सिगारेट कधीच न ओढलेल्या आजींचा सीओपीडी : एक प्रकरण अभ्यास

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवेला अडथळा होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. रुग्ण ६१ वर्षांच्या, मराठवाड्यातल्या एका खेड्यात शेतमजुरी करणाऱ्या बाई. उंची १४८ सेंमी, वजन ४१ किलो. विडी-सिगारेट कधीच नाही, मशेरी मात्र दिवसातून दोनदा. लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, आणि पावसाळ्यात ओलसर गोवऱ्या. आठेक वर्षांपासून खोकला, सकाळी बेडका आणि चढावर धाप. या सगळ्याला ‘दमा’ हे नाव मिळालेले. थंडी पडली की इंजेक्शन, एरवी श्वासनलिका सैलावणाऱ्या थिओफायलीनच्या गोळ्या, आणि अगदीच दम कोंडला तर सालब्युटामॉलच्या पंपाचे दोन फवारे. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, या आठ वर्षांत एकदाही झालेली नव्हती.

हा रुग्ण प्रातिनिधिक आहे. छातीच्या ओपीडीत वरचेवर दिसणाऱ्या रुग्णांवरून तो बांधला आहे आणि त्याच्या तपासण्यांचे आकडे त्याच प्रकारे घेतले आहेत. चाचण्यांचे आणि संशोधनाचे आकडे प्रकाशित झालेले आहेत.

हेच प्रकरण निवडण्याचे कारण असे. सीओपीडीवरच्या बहुतेक मोठ्या औषध-चाचण्यांत शिरायला किमान दहा ‘पॅक-वर्षां’ची अट असते, म्हणजे रोज एक पाकीट सिगारेट असे दहा वर्षे. टॉर्च, इम्पॅक्ट, ईथोस, बोरिअस या सगळ्यांत ती होती. आजींना यांपैकी एकाही चाचणीत जागा मिळाली नसती. आणि भारतात त्यांच्यासारख्यांची संख्या थोडीथोडकी नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या भारतातल्या राज्यनिहाय अभ्यासानुसार देशातले सीओपीडीचे रुग्ण १९९० मधल्या २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेले. या आजाराच्या एकूण भारापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, त्यात घरातला धूरही आला. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. तरीही औषधांचा पुरावा सिगारेट ओढणाऱ्यांवरच उभा राहत गेला. तेव्हा आजींच्या प्रत्येक उपचाराला एक प्रश्न विचारावा लागतो : हा पुरावा यांना किती लागू पडतो?

ती पहाट

जानेवारी. चार दिवस खोकला वाढलेला, बेडका पिवळा-हिरवा. पहाटे चारला दम इतका लागला की एक वाक्य सलग बोलता येईना. गावातल्या दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोन (एक स्टिरॉइड) आणि अमिनोफायलीनचे इंजेक्शन दिले गेले. रुग्णवाहिकेत बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८१ टक्के दिसला, म्हणून मास्क लावून मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन सुरू झाला. तालुक्याला पोहोचेपर्यंत आकडा ९९ वर गेला आणि आजी झोपल्या. नातेवाइकांना हायसे वाटले : रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आता आराम पडला.

तो आराम नव्हता. हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे, तळहात गरम, हात पुढे धरायला सांगितले तर मनगटे फडफडत होती. ही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणे. धमनीतल्या रक्ताची तपासणी : पीएच ७.२७, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेले, कार्बन डायऑक्साइडचा दाब ७२ (मिमी पारा), आम्लाला तोलणारे बायकार्बोनेट ३२. बायकार्बोनेट चढलेले असणे हा महत्त्वाचा धागा, कारण मूत्रपिंडांना ते वाढवायला काही दिवस लागतात. म्हणजे साठा जुना होता आणि त्यावर आजचा भार पडला.

जास्त ऑक्सिजनने असे का होते? ‘श्वास घ्यायची प्रेरणाच जाते’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे रक्त चांगल्या भागांकडे वळते. ऑक्सिजनचा मारा केला की त्या सैलावतात आणि रक्त पुन्हा निरुपयोगी भागांतून फिरू लागते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देते. आधीच थकलेल्या छातीला तो बाहेर टाकता येत नाही.

याचा पुरावा पक्का आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्येच चाचणी झाली आणि २०१० मध्ये ‘बीएमजे’त आली. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांत राखला तेव्हा मृत्यूचा धोका सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झाला, आणि सीओपीडीचे निदान पक्के असलेल्यांत ७८ टक्क्यांनी. इतका मोठा फरक, तोही फक्त एक नॉब फिरवून. इथे सिगारेट की चूल हा प्रश्नच गौण ठरतो, कारण यंत्रणा दोन्हींत तीच.

ऑक्सिजन एकदम बंद करणे मात्र घातक. कार्बन डायऑक्साइड चढलेलाच असतो आणि ऑक्सिजन मिनिटांत आधीच्याही खाली कोसळतो. म्हणून मास्क काढून नाकातल्या नळीने मिनिटाला १ ते २ लिटर आणि लक्ष्य ८८ ते ९२. व्हेंचुरी मास्क (ठरावीक टक्क्यांचा ऑक्सिजन देणारा) असेल तर २४ किंवा २८ टक्क्यांचा. सावळ्या त्वचेवर बोटाचे यंत्र कधीकधी आकडा चढा दाखवते, तेव्हा शंका असेल तर धमनीच्या रक्तावरच विश्वास ठेवावा.

एक चूक सगळे बरोबर केल्यावरही होते. नेब्युलायझर भिंतीतल्या ऑक्सिजनवर लावतात. तो ६ ते ८ लिटरवर चालतो, आणि दर तासाला पंधरा मिनिटे रुग्ण पुन्हा तोच मारा खातो. सालब्युटामॉल २.५ मिग्रॅ आणि इप्राट्रोपियम ०.५ मिग्रॅ दर वीस मिनिटांनी तीनदा दिले, ते साध्या कॉम्प्रेसरच्या हवेवर, आणि त्याच वेळी नाकातली नळी २ लिटरवर चालू ठेवली.

पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला, म्हणजे बायपॅप, मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र, लावायलाच हवा. आत घेतानाचा दाब १२, सोडतानाचा ५ यावर सुरुवात, दर दहा-पंधरा मिनिटांनी आत घेतानाचा दाब दोनने वाढवत १८ पर्यंत. गाल बसलेले असल्याने मास्क कडेने गळत होता. कवळी काढून ठेवली होती, ती परत बसवल्यावर गळती थांबली. पट्टे करकचून आवळले असते तर गळती थांबली नसती आणि नाकाच्या हाडावर जखम मात्र झाली असती. एका तासाने पुन्हा रक्त : पीएच ७.३३, कार्बन डायऑक्साइड ६०. आजी जाग्या होत्या, पाणी मागत होत्या. पहिल्या एक-दोन तासांत पीएच सुधारला नाही तर व्हेंटिलेटरची तयारी ठेवायची, बायपॅपवर दिवस ढकलायचे नाहीत.

प्रतिजैविक द्यायचे, कारण बेडका रंग बदललेला आणि दम वाढलेला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ६२५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, पाच दिवस. लेव्होफ्लॉक्सासिन मुद्दाम टाळले. त्याने क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात आणि निदान लांबते. आपल्याकडे अशा छातीत क्षय नाही हे आधी सिद्ध करावे लागते. बेडक्यात क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, एक्स-रेत फुप्फुसे फुगलेली, पोकळी नाही.

स्टिरॉइड आणि एक हरवलेला आकडा

प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ, रोज सकाळी, पाच दिवस, आणि थेट बंद. हळूहळू कमी करत दोन-तीन आठवडे ओढण्याची सवय अजून गेलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या रिड्यूस चाचणीने २०१३ मध्ये ३१४ रुग्णांत पाच दिवस आणि चौदा दिवस ताडून पाहिले. सहा महिन्यांत पुन्हा झटका (म्हणजे आजार असा एकाएकी बळावणे) आलेले ३५.९ टक्के विरुद्ध ३६.८ टक्के. फरक नाही, स्टिरॉइड मात्र कितीतरी कमी. ४१ किलोच्या बाईच्या हाडांना आणि साखरेला त्याने फरक पडतो.

आता तो आकडा. सीओपीडीच्या उपचारात गेल्या दहा वर्षांत सर्वांत उपयोगी पडलेली खूण सीबीसी या साध्या रक्ततपासणीत असते : इओसिनोफिल, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्या जास्त असतील तर स्टिरॉइडच्या पंपाचा फायदा अधिक. अहवालात टक्केवारी असते, लागतो तो निव्वळ आकडा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्केवारी, भागिले शंभर. दाखल झाल्यावरच्या सीबीसीत इओसिनोफिल शून्य टक्के होते. यावरून ‘स्टिरॉइडच्या पंपाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष कोणीही काढला असता, आणि तो चुकला असता. गावात दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनने काही तासांत या पेशी रक्तातून नाहीशा केल्या होत्या. सुनेच्या पिशवीत दोन महिन्यांपूर्वीचा, तापासाठी केलेला सीबीसी सापडला : पांढऱ्या पेशी ७,८००, इओसिनोफिल ६ टक्के. म्हणजे ४६८. जुने कागद मागावेत ते यासाठी. आणि रक्त घ्यायचे ते स्टिरॉइडच्या पहिल्या मात्रेआधी, नंतर नव्हे.

आपल्याकडे एक गाठ अजून सोडवावी लागते. जंतांनीही हा आकडा वाढतो. शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईत ४६८ हा फुप्फुसाचा आकडा की पोटाचा? घरी जाताना अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ दिले, मलतपासणी केली, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजले : ७,२०० पैकी ५ टक्के, म्हणजे ३६०. जंतांचा हिशेब चुकता केल्यावरही तीनशेच्या, म्हणजे ‘जास्त’ धरायच्या हद्दीच्या, वर. आकडा हजारांत असता, विशेषतः तीन हजारांपुढे, तर हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा इओसिनोफिलिया आधी तपासावा लागला असता.

झटक्यात या आकड्याचा उपयोग कुठवर जाऊ शकतो हे २०२४ मध्ये ब्रिटनच्या अब्रा चाचणीने दाखवले. इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असलेल्या, दमा वा सीओपीडीचा झटका आलेल्या १५८ रुग्णांत बेनरालिझुमॅबचे, म्हणजे इओसिनोफिल पेशी नाहीशा करणाऱ्या औषधाचे, १०० मिग्रॅचे एक इंजेक्शन दिले. ९० दिवसांत उपचार फसण्याचे प्रमाण एकट्या प्रेडनिसोलोनने ७४ टक्के, या इंजेक्शनच्या दोन गटांत (एकटे इंजेक्शन आणि प्रेडनिसोलोनसोबत) मिळून ४५ टक्के. चाचणी लहान आहे आणि रोजच्या वापरात यायला मोठ्या चाचणीची वाट पाहावी लागेल. पण प्रेडनिसोलोनवरच्या चारपैकी तिघांचा उपचार तीन महिन्यांत फसतो, ही गोष्ट डोक्यात राहावी. झटका ओसरला म्हणजे काम संपले असे नाही.

सहा आठवड्यांनी

स्पायरोमेट्री झटक्यात करत नाहीत, ती आता केली. स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांमध्ये धरायच्या पोकळ नळीतून) ४०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकणे. पहिल्या सेकंदातली हवा औषधाआधी ०.७२ लिटर, नंतर ०.७८ लिटर, अपेक्षेच्या ४५ टक्के. एकूण हवा १.५६ लिटर. पहिल्या सेकंदातल्या हवेचे एकूण हवेशी गुणोत्तर ०.५०. औषधानंतरही ०.७० च्या खाली, म्हणजे अडथळा कायमचा. सुधारणा अवघी ६० मिली, म्हणजे निव्वळ दम्याचे चित्र नाही. आठ वर्षांनी आजाराला योग्य नाव मिळाले. २०२३ पासून ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेने कारणांनुसार पोटप्रकार केले आहेत. त्यात सरपणाचा धूर आणि प्रदूषण यांचा सीओपीडी वेगळा धरला आहे, आणि क्षयासारख्या संसर्गानंतरचाही.

चुलीच्या धुराचे फुप्फुस सिगारेटच्या फुप्फुसापेक्षा वेगळे वागते. त्यात पोकळ होत जाणारा भाग कमी आणि बारीक श्वासनलिकांचा आजार जास्त. मेक्सिकोत पंधरा वर्षे पाठपुरावा करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या सेकंदातली हवा सिगारेटवाल्यांत वर्षाला ४२ मिलीने घटली, चूलवाल्यांत २३ मिलीने. आजींसाठी ही आशेची बाब आहे. घसरण संथ आहे आणि धूर थांबवला तर वाचवण्यासारखे बरेच आहे.

औषध ठरले तीन घटकांचे, एकाच पंपातून : दीर्घकाळ श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी दोन आणि सोबत इनहेल्ड स्टिरॉइड. इम्पॅक्ट चाचणीत (२०१८, दहा हजारांहून अधिक रुग्ण) मध्यम ते तीव्र झटके (औषधांनी आवरणारे ते रुग्णालयात नेणारे) वर्षाला तिहेरी औषधावर ०.९१, स्टिरॉइड नसलेल्या दुहेरीवर १.२१ आले. फायदा इओसिनोफिल जास्त असलेल्यांत अधिक होता. न्यूमोनिया मात्र स्टिरॉइडने वाढतो, आणि क्षयाची भीती आपल्याकडे वेगळीच. म्हणून मात्रा मध्यम ठेवली आणि वर्षभराने फेरविचार करायचे ठरले. ३६० हा आकडा आणि रुग्णालयात नेणारा झटका हे दोन्ही नसते तर दुहेरी औषधावरच थांबणे योग्य होते. थिओफायलीनच्या गोळ्या बंद केल्या. २०१८ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत दीड हजारांवर रुग्णांत त्यांनी झटके कमी झाले नाहीत (२.२४ विरुद्ध २.२३).

सगळे अडते ते पंप घेण्यापाशी. आजींना आधी कॅप्सूलचे यंत्र दिलेले होते आणि कॅप्सूल त्या पाण्याबरोबर गिळत होत्या. कोणी वापरून दाखवलेच नव्हते. शिवाय कोरड्या पावडरीला जोराचा ओढा लागतो, तो या छातीत नाही. म्हणून फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर. पंप हलवायचा, एकच फवारा, चार-पाच सेकंद सावकाश आत ओढायचे, दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. जमत नसेल तर स्पेसरमध्येच पाच साधे श्वास. अर्ध्या मिनिटाने दुसरा फवारा. नंतर खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटते. सकाळी दोन, रात्री दोन या हिशेबाने १२० फवाऱ्यांचा डबा ३० दिवसांत संपायला हवा. पन्नास दिवस पुरला तर औषध वाढवू नये, आधी घरी काय चालले आहे ते विचारावे. बहुतेकदा उत्तर असते, ‘सवय लागंल म्हणून बरं वाटलं की थांबवते.’ ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही, बसून बोलावे लागते.

घरच्यांनी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर घ्यायची तयारी केली होती, कर्ज काढून. तो थांबवला. स्थिर अवस्थेत धमनीतला ऑक्सिजनचा दाब ५९ आला, बोटावर ९० टक्के. कायमचा ऑक्सिजन दाब ५५ च्या आत असेल तर द्यायचा, किंवा ५५ ते ६० मध्ये असून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असेल तर. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) तो नव्हता. २०१६ च्या लॉट चाचणीत मध्यम कमतरता असलेल्यांना ऑक्सिजन देऊन ना आयुष्य वाढले ना दाखल होणे टळले. पुढे कधी लागलाच तर २०२४ ची स्वीडनमधली रिडॉक्स चाचणी कामी येईल : दिवसाला १५ तास आणि २४ तास यांत फरक आढळला नाही. भारनियमनाच्या गावात ही मोठी सोय आहे. अर्थात चूल पेटलेल्या घरात ऑक्सिजन ही आगीची जोखीम आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. कार्बन डायऑक्साइड ४७ वर उतरल्याने घरच्या बायपॅपचीही गरज उरली नाही.

चूल

घरात उज्ज्वलाची टाकी होती. चहा आणि भाजी तिच्यावर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी मात्र चुलीवर. टाकी पुरवायची म्हणून. ‘गॅस आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ मिळते आणि विषय तिथेच संपतो. विचारायचे ते ‘पाणी कशावर तापते?’ चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात बायोगॅस आणि स्वयंपाकघरातली हवा खेळती करणे या दोन्हींनी मिळून फुप्फुसाची घट वर्षाला १६ मिलीने कमी झाली. आजींसारख्यांवर झालेला थेट पुरावा हा आहे, आणि म्हणून तो त्यांच्या बाबतीत सर्वांत वजनदार मानावा. ठरले ते असे : पाण्याचे चुलवण घराबाहेर आणि आजींनी त्याजवळ जायचे नाही, भाकरी गॅसवर लोखंडी तव्यावर, भिंतीत छताखाली झरोका, विस्तव पेटवायला प्लॅस्टिक अजिबात नाही. मशेरी भाजण्याचाही धूर होतो, ते घरात बंद. चुलीपाशी आता सून बसणार असेल तर आजार फक्त एक पिढी पुढे सरकतो, हे घरातल्या पुरुषांसमोर सांगितले.

व्यायामाला पुनर्वसन केंद्र नव्हते. रोज अंगणात वीस मिनिटे चालणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याची लिटरची बाटली दोन्ही हातांनी उचलणे, धाप लागली की ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या पाहणीत घरी गेल्यावर ९० दिवसांत पुनर्वसन सुरू केलेल्यांपैकी ७.३ टक्के वर्षभरात दगावले, न केलेल्यांपैकी १९.६ टक्के. ही पाहणी आहे, चाचणी नव्हे, जे मुळात तगडे होते तेच केंद्रात गेले असतील. तरी दिशा स्पष्ट आहे. न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) लस दिली. फ्लूची लस पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो.

राहिला प्रश्न नव्या इंजेक्शनांचा. तिहेरी औषधावर असूनही झटके येणाऱ्या, इओसिनोफिल ३०० च्या वर असलेल्या रुग्णांत दर दोन आठवड्यांनी दिलेल्या डुपिलुमॅबने झटके बोरिअस चाचणीत (२०२३) ३० टक्क्यांनी आणि नोटसमध्ये (२०२४) ३४ टक्क्यांनी कमी झाले. २०२५ मध्ये मेपोलिझुमॅबने २१ टक्क्यांनी. बोरिअसच्या अटी आजींवर ताडून पाहा : जुनाट बेडका आहे, फुप्फुसाची क्षमता ३० ते ७० टक्क्यांत आहे, तीव्र झटका आहे, इओसिनोफिल ३६० आहेत. सिगारेट नाही. औषध त्यांच्यावर चालणार नाही असे मानायला जीवशास्त्रीय कारण दिसत नाही, पण पुरावाही नाही, आणि खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नाही. निर्णय असा नोंदवला : तिहेरी पंप बरोबर घेऊन, डब्याचे दिवस मोजून आणि चूल थांबवून बारा महिने. त्यानंतरही दोन मध्यम किंवा एक तीव्र झटका आला आणि इओसिनोफिल तीनशेवरच राहिले, तर हा विषय पुन्हा काढायचा. पुढची भेट तीन महिन्यांनी, येताना पंपाचा डबा, स्पेसर आणि सगळे जुने अहवाल घेऊन.